करजणची रेषा

डॅशबोर्डवरच्या तिन्ही रेषा पहिल्यांदा एकदम हलायला लागल्या, त्या संध्याकाळी मी ऑफिसात अक्षरशः नाचले. खुर्ची मागे ढकलली, ओढणी कमरेला बांधली आणि नाचले. उत्कर्षने घाईघाईने दार लावून घेतलं, कारण खालच्या कारखान्यातली माणसं जिन्यापाशी उभी राहून वर बघत होती. बघू देत. इतके महिने आम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून गाडी हाकत होतो आणि आज ती पट्टी सुटली होती. याला नाचायचं नाही तर कशाला नाचायचं?

आमचं ऑफिस बडोद्याला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. खाली व्हॉल्व्ह बनतात, वर सॉफ्टवेअर बनतं आणि दोन्हींचे मालक एकच, प्रतापसिंहराव. नाव ऐकून वाटतं माणूस घोड्यावरून येणार. येतात स्कूटरवरून, हातात मेथीच्या खाकऱ्यांचा डबा घेऊन, आणि आल्या आल्या एसी कितीवर ठेवलाय ते बघतात. पणजोबा संस्थानात मोठे अधिकारी होते म्हणून सगळे त्यांना रावसाहेब म्हणतात. माणूस चांगला आहे, फक्त घाबरट आहे. आणि घाबरट माणसांशी माझं पटकन वाजतं.

आमच्या तिघांचं, म्हणजे मी, उत्कर्ष आणि रावसाहेब यांचं, मुख्य काम रक्तपेढ्यांचं. एका ट्रस्टच्या पेढ्या बडोद्यात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत पसरल्या आहेत. कुठल्या गटाची पिशवी कुठल्या पेढीच्या फ्रीजमध्ये आहे, हे आमचा डेटाबेस सांगतो. एखाद्या दवाखान्यातून फोन आला की पेढीतली मुलगी कॉम्प्युटरवर गट टाकते, आणि उत्तर तिथल्या तिथे यायला हवं. म्हणून हा डेटाबेस एका मशीनवर नाही, तीन मशीनवर आहे. एक इथे मकरपुऱ्यात, एक अकोट्याला रावसाहेबांच्या बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत आणि एक करजणला. तिघांकडे माहिती सारखीच. नियम साधा आहे. कुठलीही नवी नोंद तिघांपैकी निदान दोघांनी मान्य केली तरच ती खरी. एक मशीन बंद पडलं तर उरलेली दोन मिळून काम चालवतात आणि पेढीतल्या मुलीला काही कळतसुद्धा नाही. पण दोन बंद पडली तर तिसरं एकटं तोंड उघडत नाही. जवळ सगळी माहिती असूनही गप्प बसतं, कारण ती ताजी की शिळी हे सांगायला दुसरं कुणी उरलेलं नसतं. मला हा नियम फार आवडतो. माणसांना लावला तर निम्मी भांडणं मिटतील, त्यातली बरीचशी माझी.

करजणचं मशीन माझ्या वडिलांच्या घरी आहे. विश्वामित्री नदी शहरात शिरली त्या पावसाळ्यानंतर ट्रस्टने हट्टच धरला, की एक मशीन बडोद्याच्या बाहेर पाहिजे. रावसाहेब जागा शोधत होते तेव्हा मीच म्हणाले, की बाबांच्या घराची पुढची खोली रिकामी आहे, इंटरनेट चांगलं आहे, इन्व्हर्टर आहे आणि बाबा कायम घरातच असतात.

हे शेवटचं सांगताना माझा स्वार्थ होता. माझे बाबा, लक्ष्मीकांत, रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. इंजिनं उघडण्यात आणि बसवण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतरही ते खुशीत होते. मग आई गेली आणि बाबा बसले ते बसलेच. दुपारपर्यंत अंघोळ नाही, दाढी नाही. फोन केला की 'हं' आणि 'बराबर आहे' एवढे दोन शब्द. बडोद्याला माझ्याकडे या म्हटलं तर येत नव्हते आणि मी करजणला जाऊन राहू शकत नव्हते. मशीन आलं आणि चारच दिवसांत माणूस बदलला. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या खोलीत खुर्ची टाकून बसायला लागले. फोन आता तेच करायचे. "तुझं मशीन मजेत आहे," म्हणायचे, आणि मग चक्क भाजी काय केली तेही सांगायचे. मला त्या मशीनची पूजा घालावीशी वाटायची.

रावसाहेबांना ते पहिल्यापासून खटकत होतं. "नीरजा, घर ते घर," ते म्हणायचे. "पाहुणे येणार, पोरं खेळणार, कोणी वायर ओढणार." हायवेला एक तयार जागा त्यांनी बघून ठेवली होती, कॅमेरे आणि पहारेकऱ्यासकट. करजणला एकदा जरी गडबड झाली तरी मशीन तिथून उचलायचं, हे त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. गडबड काही होत नव्हती. उत्कर्ष रोज सकाळी आला की तिन्ही मशीनची हजेरी घ्यायचा. तिन्ही उत्तर द्यायची. तो "सगळे हजर" म्हणायचा आणि चहा प्यायला जायचा.

डॅशबोर्डची ठिणगी टाकली ती पारुलबेननी. या ट्रस्टच्या मुख्य डॉक्टर. उंच, पांढऱ्या केसांच्या आणि बोलायला गोड, पण प्रश्न असे विचारतात की घाम फुटतो. त्यांनी विचारलं, "सकाळी हजेरी घेता, सरस. पण शाळेत पोरं हजेरीनंतर पळतात ने? मग बाकीचा दिवस तुम्हाला काय दिसतं?" काहीच दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, गुरुवारी मी स्वतः येते, चालू मशीनपैकी एक माझ्या हाताने बंद करते आणि पेढ्यांचं काम चालू राहतं का ते डोळ्यांनी बघते. नाही चाललं तर हे काम दुसऱ्या कुणाला तरी.

रावसाहेबांचा चेहरा उतरला. मला मात्र अंगात वीज शिरल्यासारखं झालं. मी कधीची म्हणत होते डॅशबोर्ड करू या!

मग आम्ही भिडलो. तिन्ही मशीनवर एकेक चिमुकला प्रोग्रॅम बसवला. त्याचं काम एकच, दर थोड्या सेकंदांनी आपली खबर सांगायची. तू किती तापलंयस, तुझ्याकडे किती प्रश्न आले, तू बाकीच्या दोघांच्या मागे तर नाहीस ना. ती खबर गोळा करायला एक वेगळा छोटा कॉम्प्युटर लावला आणि भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर काय असावं यावरून रावसाहेबांशी कडाक्याचं वाजलं. त्यांना वर कंपनीचं बोधचिन्ह हवं होतं आणि खाली मोटारीत असतात तसे काटे. "ही काय लग्नाची पत्रिका आहे?" मी ओरडले. "मला तीन रेषा पाहिजेत. तीन जागा, तीन रेषा. दुरून बघितलं तरी कळलं पाहिजे." उत्कर्षने नेहमीप्रमाणे दोघांचं ऐकून घेतलं आणि माझं केलं.

आणि बुधवारी संध्याकाळी रेषा हलल्या! मकरपुऱ्याची निळी, अकोट्याची केशरी, करजणची हिरवी. एका कॉलेजात रक्तदान शिबिर चाललं होतं आणि प्रत्येक नव्या पिशवीबरोबर तिन्ही रेषा एकामागून एक उचकी लागल्यासारख्या उडत होत्या. उत्कर्ष म्हणाला, "बघ बघ, करजणवाली किती चपळ आहे!" मला इतका अभिमान वाटला की जणू बाबाच पळत होते. लगेच फोन लावला.

"बाबा, तुमचं मशीन मला इथे बसून दिसतंय!"

"खरंच? काय करतंय?"

"मस्त धावतंय."

"धावणारच," बाबा म्हणाले. "काळजी कोण घेतंय!"

गुरुवारी सकाळी तर माझे पाय जमिनीवर नव्हते. पेढ्या उघडल्या तशा रेषा चढल्या. मध्येच एका तालुक्याची पेढी उशिरा उघडली तेही दिसलं. ज्या कामाकडे आम्ही फक्त सकाळी एकदा डोकावत होतो, ते सबंध समोर चाललेलं होतं. मी चहासुद्धा पडद्यासमोर उभी राहून प्यायले.

पारुलबेन जेवणाच्या सुमारास आल्या. रावसाहेबांनी खाकरे पुढे केले, त्यांनी एक तुकडा घेतला आणि सरळ पडद्यापाशी गेल्या. मी एकेक रेषा समजावून सांगितली. त्यांना सगळं एकदाच सांगावं लागतं. मग आम्ही शेजारच्या काचेच्या खोलीत गेलो, जिथे मकरपुऱ्याचं मशीन आहे. मधली भिंत काचेची असल्यामुळे पडदा तिथूनही दिसत होता.

"बंद करू?" पारुलबेननी विचारलं आणि स्विचवर बोट ठेवलं.

"करा," रावसाहेब म्हणाले. आवाज थोडा कापत होता. मी मात्र हसत होते. एक गेलं तरी दोन आहेत, चिंता कसली! आणि हसत हसत मी काचेतून पडद्याकडे पाहिलं.

करजणची हिरवी रेषा खाली आली. आली ती तळाशी टेकली आणि तिच्या नावापुढचा ठिपका लाल झाला.

त्या क्षणी माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. करजण बंद आहे आणि पारुलबेननी हे बंद केलं तर एकटं अकोटा उरेल आणि सगळ्या पेढ्या मुक्या होतील, ही एक. आणि मी आता तोंड उघडलं तर बाबांचं मशीन गेलं, ही दुसरी. रावसाहेबांना अजून काही दिसलं नव्हतं. त्यांची पाठ काचेकडे होती.

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या कारखान्यातला खडखडाटही क्षणभर थांबल्यासारखा वाटला. पारुलबेननी चटका बसल्यासारखं बोट उचललं. रावसाहेबांच्या हातातला डबा पडला आणि खाकऱ्यांचा चुरा सगळीकडे झाला.

"शुं थयुं, बेन?" पारुलबेननी विचारलं. काय झालं म्हणून.

"करजण पडलंय," मी म्हणाले. "आत्ता, या मिनिटाला. तुम्ही हे बंद केलं असतंत तर पेढ्या बंद पडल्या असत्या."

रावसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पडदा बंद कर," ते हळूच मराठीत पुटपुटले, जसं काही बडोद्यात जन्म काढलेल्या बाईंना मराठी कळत नाही. पारुलबेन म्हणाल्या, "नाही नाही, राहू द्या. हेच तर बघायला आले मी."

मी बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आता डोक्यात मशीन उरलंच नव्हतं. घरात शॉर्टसर्किट झालं असेल, बाबा पडले असतील, असलं काहीबाही यायला लागलं. उत्कर्ष म्हणाला, "अगं, जेवायला बसले असतील." मी त्याच्यावर खेकसले. तिसऱ्यांदा बाबांनी उचलला. पारुलबेननी खुणेने सांगितलं, स्पीकर चालू कर. काय करणार, केला.

"बाबा, बरे आहात ना? लाईट गेली का?"

"नाही ग. पंखा चालू आहे. जेवतोय. का?"

"मग मशीन का बंद आहे?"

"बंद नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "झोपवलंय."

रावसाहेब गर्रकन फोनकडे वळले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय, म्हणजे झोपवलंय. रोज झोपवतो. तू शिकवलंस तसं, आधी ते बटण हळूच दाबायचं, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग मागचा स्विच. जेवण, मग माझी वामकुक्षी, आणि चहाला उठलो की त्यालाही उठवतो. तोवर टाढं होतं, गार पडतं. इंजिन अखंड चालवलं तर लवकर म्हातारं होतं, नीरजा. दिवाळीपासून आहे माझ्याकडे. एकदा तरी तक्रार आली? तापलं? नाही ने?"

आवाजात इतका अभिमान होता, की मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. मी अर्थातच तिसरं केलं. मी भडकले. "बाबा! तुम्हाला कुणी सांगितलं होतं! ते इंजिन नाही! त्याला कधीच बंद करायचं नसतं! आत्ता इथे काय झालं असतं माहीत आहे का तुम्हाला? पेढीवर कुणी रक्त मागितलं असतं आणि..."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. मग पावलं. मग मागचा स्विच दाबल्याचा खटका, तो मी ओळखते.

आणि मग पडद्यावर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. लाल ठिपका पिवळा झाला. करजण उठलं, आपण मागे पडलोय हे त्याच्या लक्षात आलं आणि ते बाकीच्या दोघांना विचारायला लागलं, माझ्यामागे काय काय झालं? ती दोघं सांगत गेली. हिरवी रेषा तळातून निघाली, सरळ वर, भराभर, जेवढ्या नोंदी चुकल्या होत्या तेवढ्या गिळत. पारुलबेन काचेच्या खोलीतून बाहेर येऊन पडद्याला नाक लावून उभ्या होत्या. उत्कर्ष "चल, चल, चल" असं क्रिकेटची मॅच बघितल्यासारखं ओरडत होता. रावसाहेब खाकऱ्यांच्या चुऱ्यात उभे राहून मुठी आवळत होते. रेषा चढली, निळीला भिडली, केशरीला भिडली आणि त्यांच्यात जाऊन बसली. ठिपका हिरवा.

"आव्युं!" पारुलबेननी टाळी वाजवली. आलं, आलं! मग त्या वळल्या आणि आत जाऊन, कुणी काही म्हणायच्या आत, मकरपुऱ्याचं मशीन खाडकन बंद केलं. निळी रेषा खाली गेली. केशरी आणि हिरवी क्षणभर थबकल्या, आणि चालू लागल्या. पारुलबेननी स्वतःच्या फोनवरून एका पेढीला फोन केला, एक गट विचारला. उत्तर आलं. अकोटा आणि करजण, दोघं मिळून सगळं सांभाळत होती.

"दिवाळीपासून रोज दुपारी एक मशीन बंद असायचं," पारुलबेन हसू दाबत म्हणाल्या, "आणि माझ्या एकाही पेढीला कळलं नाही. मग मी आज वेगळा डेमो कशाला बघायला आले?" मग त्यांचं हसू मावळलं. "पण दुसरं एखादं दुपारी पडलं असतं तर? ते तुम्हाला काल कळलं नसतं. आज कळलं. हा बोर्ड मला माझ्या ऑफिसातपण लावून द्या." एवढं बोलून त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी दुसरा खाकरा मागितला. काम आमच्याकडेच राहणार होतं. रावसाहेब चुऱ्यातला त्यातल्या त्यात मोठा तुकडा शोधायला लागले, मग भानावर येऊन नवीन डबा आणायला खाली पळाले.

फोन अजून चालूच होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"नीरजा," बाबांचा आवाज आला. "कुणाचं काही अडलं का माझ्यामुळे?"

"नाही, बाबा. कुणाचंच नाही."

"नशीब. तू असं कर, संध्याकाळी गाडी पाठव आणि हे घेऊन जा. शेडमध्ये ज्याच्या हातून चूक व्हायची तो इंजिनाजवळ उभा राहत नसे. बराबर आहे ते." आणि त्यांनी फोन ठेवला.

'बराबर आहे'. तोच जुना आवाज. आई गेल्यानंतरचा.

रावसाहेब डबा घेऊन वर आले तशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मशीन करजणलाच राहणार," मी म्हणाले. त्यांनी तोंड उघडलं. "रावसाहेब, चूक बाबांची नाही. त्यांना बंद कसं करायचं ते मी शिकवलं. बंद का करायचं नाही, ते सांगायला विसरले. हायवेवरच्या तुमच्या पहारेकऱ्याने मशीन रोज फडक्याने पुसलं असतं का? त्याच्या मनात त्याला आराम द्यायचं आलं असतं का?"

"अगं, आराम दिला हेच तर..." रावसाहेब म्हणाले.

"एक महिना ठेवा," पारुलबेन मध्येच म्हणाल्या. तोंडात खाकरा होता. "बोर्ड आहे ने आता? रेषा तुटली तर दिसेल. तुटली तर हलवा." रावसाहेब पारुलबेनना नाही म्हणू शकत नाहीत. कुणीच म्हणू शकत नाही.

मी ऑफिसातला जादा टॅबलेट पिशवीत टाकला आणि जांबुव्याच्या चोकडीवरून, म्हणजे चौकातून, करजणला सवाऱ्या घेऊन जाणारी इको व्हॅन पकडली. वाटभर माझ्या डोक्यात भाषणं तयार होत होती. घरी पोचले तर दार नुसतं लोटलेलं. बाबा पुढच्या खोलीत मशीनसमोर खुर्ची टाकून ताठ बसले होते. स्वयंपाकघरात अर्धवट जेवलेलं ताट तसंच होतं, आमटीवर पापुद्रा धरलेला. दुपारपासून ते तिथून उठलेच नव्हते.

"परत बंद पडायला नको म्हणून बसलो," ते म्हणाले. "गाडी आणलीस?"

"टॅबलेट आणलाय," मी म्हणाले. माझी सगळी भाषणं गेली. मी त्यांच्याशेजारी बसले आणि टॅबलेटवर डॅशबोर्ड उघडला. "ही निळी मकरपुऱ्याची. ही अकोट्याची. आणि हिरवी तुमची."

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले. दुपारचा खड्डा तिथे दिसत होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "हे मी?"

"हे तुम्ही."

"आणि मी झोपलेला असताना या दोघींनी माझं काम केलं?"

"रोज."

बाबा ओशाळं हसले. मग प्रश्नांची फैर सुरू झाली. रेषा इथे का उडाली, तिथे का बसली, एकीला दुसरीचं कसं कळतं, तापलं तर कुठे दिसतं. तापमानाचा आकडा दाखवला तर म्हणाले, "एवढंच? हे तर गारच आहे. मग झोपवायची गरजच नाही!" मी कपाळावर हात मारला. दिवाळीत हा एक आकडा दाखवला असता तर! आम्ही दोघंही हसायला लागलो, आणि मशीन जाणार नाही हे मी त्यांना त्या हसण्यातच सांगून टाकलं. ते उठले, स्विचवर चिकटपट्टी लावून आले, आणि मग आम्ही आमटी गरम करून जेवलो.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघंही पडद्यासमोर उभे होतो. जेवणाची वेळ झाली. हिरवी रेषा चालतच होती. आणखी थोडा वेळ गेला, रेषा तशीच. खड्डा नाही, लाल ठिपका नाही. उत्कर्षने माझ्या हातावर टाळी दिली, रावसाहेब "शाब्बास, लक्ष्मीकांतराव" म्हणाले, आणि मी पुन्हा नाचायच्या बेतात होते.

तेवढ्यात मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी कालची रेषा वर काढली आणि आजची तिच्याखाली ठेवली. कालच्या रेषेत खड्डा होता, आणि त्या खड्ड्यात बाबा होते. आत्ता ते जेवायला बसले, हे त्याच्यात होतं. तो संपला असता तिथे ते उठले असते, त्यांनी चहा टाकला असता. दिवाळीपासून रोज ते मला कळवत होते आणि तेव्हा माझ्याकडे बघायला पडदा नव्हता. आता पडदा होता आणि रेषा अखंड होती, आणि तिच्यावरून एवढंच कळत होतं की मशीन चालू आहे.

मी फोन आणि जेवणाचा डबा घेऊन जिन्यात गेले.

"काय झालं?" बाबांनी पहिल्याच घंटीला उचलला. आवाज घाबरलेला. "मी हातसुद्धा लावला नाही! पडलं का?"

"नाही, बाबा. मशीन मजेत आहे. तुम्ही जेवलात का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आता घेतो वाढून," ते म्हणाले.

"घ्या. मी थांबते," मी म्हणाले, पायरीवर बसले आणि माझा डबा उघडला.